‘उंटी’ गालिचा : नांव, रंग आणि तंतु

इराणांत विणलेल्या जुन्या गालिच्यांच्या व्यापारांत ‘उंटाच्या केसांचा गालिचा’ हें नांव शंभर वर्षांहून अधिक काळ मोठ्या मानानें वावरत आलें आहे. लिलांवांच्या याद्यांत, संग्रहांच्या वर्णनांत व हौशी लोकांच्या बोलण्यांत तें इतकें रुळलें आहे कीं, मधाच्या, वाळूच्या किंवा भाजलेल्या गव्हाच्या रंगाची भूमि दिसली म्हणजे ती उंटाच्या केसांचीच असली पाहिजे, असें पाहणारा धरून चालतो. या नांवास बाजारांत किंमत आहे. आणि ज्या नांवास किंमत असते तें वस्तूस चिकटविण्याचा मोहही विकणारास असतो. प्रस्तुत लेखांत या नांवाचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : ‘उंटी’ हें आधीं एका रंगाचें नांव आहे, तंतूचें नांव तें पुरावा मिळाल्यावरच होऊं शकतें, आणि असा पुरावा न मागतां केवळ नांवावर समाधान मानणारा संग्राहक चांगल्या गालिच्याचे खरे गुण व त्याची साक्ष या दोहोंसही मुकतो. पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्या वाचकांस हा प्रश्न परका वाटूं नये. दलालानें पोथीच्या वेष्टनावर लिहिलेला शक आणि पोथीच्या पुष्पिकेंतील शक यांतील भेद त्यांच्या नित्य परिचयाचा आहे.

नांवें प्रवासांत आपला अर्थ बदलतात, याचा अनुभव जुने मराठी लेख चाळणारास पदोपदीं येतो. आपला ‘गालिचा’ हाच शब्द पाहावा. फारसींत ‘काली’ म्हणजे मोठा गालिचा आणि ‘कालीचे’ म्हणजे लहान. मराठींत आल्यावर त्यांतील लघुत्व नाहींसें झालें, आणि दिवाणखानाभर पसरणारी वस्तुही गालिचाच म्हटली जाऊं लागली. ‘फर्श’ या शब्दाच्या कुळांतील फरासखाना, आणि उंट या अर्थाच्या ‘शुतुर’ शब्दापासून झालेले शुतुरखाना व शुतुरनाळ हे शब्दही आपल्या ओळखीचे आहेत. याच ‘शुतुर’ शब्दाचें ‘शुतुरी’ हें विशेषण फारसींत ‘उंटाचें’ या अर्थीं येतें, तसेंच तें एका फिकट तपकिरी रंगाचेंही नांव आहे. तेव्हां एखाद्या विणकरानें आपल्या गालिच्यास ‘शुतुरी’ म्हटलें, तर त्यानें तंतूविषयीं कांहीं सांगितलेंच असें होत नाहीं. लुगडें डाळिंबी आहे असें म्हणणारा मनुष्य त्यांत डाळिंबाचे दाणे शोधीत नाहीं. परंतु हेंच विशेषण परकीय खरेदीदाराच्या भाषेंत उतरलें म्हणजे रंगाचा अर्थ मागें पडून केसांचा अर्थ पुढें येणें अगदीं सोपें आहे.

गालिच्यांच्या अभ्यासांत नांवानें केलेल्या अशाच एका घोटाळ्याचें उदाहरण प्रसिद्ध आहे. गालिच्याची गांठ मुख्यतः दोन प्रकारची असते. जोडीच्या दोन्ही ताण्यांभोंवतीं सारखा वळसा घेते ती सममित किंवा तुर्की गांठ. आणि एकाच ताण्याभोंवतीं पुरा वळसा घेऊन दुसऱ्याच्या मागून निघते ती असममित किंवा फारसी गांठ. या दुसऱ्या गांठीस पाश्चात्य ग्रंथकारांनीं कुर्दिस्तानांतील सेन्ने या गांवावरून ‘सेन्ने गांठ’ असें नांव दिलें. प्रत्यक्षांत सेन्ने, म्हणजे आजचें सनंदज, येथील विणकर तुर्की गांठच मारीत आले आहेत. तरी तें नांव आजही पुस्तकांतून पूर्णपणें हटलेलें नाहीं. गांठीसारख्या, पाठ उलटून पाहिली असतां कोणासही तपासतां येणाऱ्या गोष्टीची जर ही स्थिति, तर डोळ्यांस न कळणाऱ्या तंतूच्या बाबतींत काय झालें असेल, याचा तर्क करतां येईल.

‘उंटी’ म्हणून ज्यांची ख्याति आहे ते जुने गालिचे मुख्यतः चार ठिकाणांचे आहेत. पहिलें ठिकाण हमदान. प्राचीन एकबाताना नगरीच्या जागीं वसलेलें हें शहर बगदादहून किर्मानशाहमार्गें तेहरानला जाणाऱ्या वाटेवर असून, भोंवतालच्या असंख्य खेड्यांत विणलेल्या मालाची ती पेठ होय. येथील गालिच्यांत तुर्की गांठींच्या प्रत्येक ओळीनंतर बाण्याची एकच फेरी असते; त्यामुळें पाठीवर बाण्याचे ठिपके एकाआड एक उमटलेले दिसतात. मध्यभागीं खांबासारखें लांबट चक्र, त्याभोंवतीं शुतुरी भूमि, आणि सर्वांच्या बाहेर त्याच रंगाचा रुंद व नक्षीरहित काठ, अशी जुन्या हमदानी मालाची एक ठेवण आहे. दुसरें ठिकाण तब्रीझ व अर्दबील यांच्या दरम्यानचें सराब. तेथील लांब व अरुंद पट्टे विशेष नांवाजलेले आहेत. त्यांत शुतुरी भूमीवर एकाखालीं एक चक्रें येतात, आणि भूमीच्याच किंचित् वेगळ्या छटेची बारीक जाळी त्यांच्यामागें पसरलेली असते. तिसरें ठिकाण हेरीझजवळचें बख्शायिश. येथील एकोणिसाव्या शतकांतील गालिच्यांत मोठ्या व मोकळ्या आकृति शुतुरी भूमीवर आढळतात. चौथा वर्ग खुरासानांतील बलुची विणकरांच्या लहान नमाजी गालिच्यांचा. त्यांत फारसी गांठ, लोंकरीचा ताणा आणि मेहराबीच्या आंत शुतुरी भूमीवर पानांनीं भरलेलें झाड असतें.

या चारांचीं घरें निराळीं, विणणारे लोक निराळे, आणि निदान बलुची मालाची तरी गांठही निराळी. समान असा फक्त एक रंग. त्या एका रंगावरून या सर्वांचा ‘उंटी’ असा एक वर्ग करणें म्हणजे लाल रुमालांत बांधलेलीं सर्व दफ्तरें एकाच घराण्याचीं मानण्यासारखें आहे.

आतां तंतूकडे वळूं. उंटाच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात : बाहेरचे लांब व राठ, आणि आंतील मऊ लोंकर. दोन मदारींच्या उंटाची ही आंतली लोंकर सुमारें १६ ते २५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे चांगल्या मेंढीच्या बारीक लोंकरीच्या तोडीची असते. वसंत ऋतूंत उंट केस टाकूं लागला म्हणजे त्याचे पुंजके वेंचून किंवा अंग विंचरून ती गोळा करतात. इराणांत सर्वसाधारणपणें आढळतो तो एक मदारीचा उंट. दोन मदारींचा उंट मुख्यत्वें वायव्येकडील अर्दबीलच्या प्रदेशांतला, आणि तेथेंही आज त्याची संख्या फारच थोडी उरली आहे. त्याच बाजूच्या मुघानच्या माळावर फिरणाऱ्या शाहसवन टोळ्या उंट बाळगीत असत. हमदानवरून तर उंटांचे तांडे पिढ्यान्‌पिढ्या गेले. त्या वाटेवर मोटारी धांवूं लागण्यापूर्वीं विणकराच्या हातीं उंटाची लोंकर येणें अशक्य नव्हतें, हें उघड आहे. म्हणून उंटाचे केस गालिच्यांत कधींच वापरले गेले नाहींत, असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं.

परंतु तोच रंग इतर मार्गांनींही मिळतो, हें विसरून चालत नाहीं. तपकिरी व उदी रंगाच्या मेंढ्या इराणांत आहेत. त्यांची न रंगविलेली लोंकर शुतुरी दिसते. पांढरी लोंकर अक्रोडाच्या हिरव्या टरफलाच्या काढ्यांत उकळली तर, तुरटीचा संस्कार नसतांही, तिला पक्का तपकिरी रंग चढतो. डाळिंबाच्या सालीनें पिवळसर छटा येतात. शिवाय उंटाची व मेंढीची लोंकर कातण्यापूर्वीं एकत्र पिंजतां येते, त्यामुळें एकाच धाग्यांत दोन्ही असूं शकतात. एकूण, एका रंगाकडे नेणाऱ्या वाटा निदान चार, आणि शंभर वर्षें पायांखालीं तुडवलेल्या गालिच्यावर डोळ्यांस त्या सर्व एकच दिसतात.

या अडचणीवर बाजारानें कांहीं परीक्षा सुचविल्या आहेत. त्यांची किंमत काय तें पाहूं. धागा जाळून पाहण्याची परीक्षा फार सांगितली जाते. तिच्यानें कापूस व लोंकर यांतील भेद कळतो, कारण कापूस कागदासारखा जळतो व लोंकर केस जळल्याच्या वासानें करपते. पण उंटाचा केस व मेंढीची लोंकर हीं दोन्हीं एकाच जातीच्या प्रथिनाचीं बनलेलीं असल्यामुळें दोन्हींचा वास तोच. भिजविल्यावर येणाऱ्या उंटाच्या वासाची कथा याहून दुबळी आहे. अनेकदां धुतलेल्या गालिच्यास वास कसला येतो हें धुणाराच्या साबणावर अधिक अवलंबून असतें. स्पर्शाच्या मऊपणावरूनही निर्णय होत नाहीं, कारण चांगली कोंकराची लोंकरही तितकीच मऊ लागते. लव फांकवून मुळाशीं व टोंकाशीं रंग सारखा आहे कीं नाहीं हें पाहणें उपयोगाचें खरें. पण उन्हानें रंगविलेली लोंकर फिकटते तशी नैसर्गिक तपकिरी लोंकरही फिकटते. तेव्हां त्यावरूनही उंट सिद्ध होत नाहीं.

भरंवशाची परीक्षा सूक्ष्मदर्शकाची. मेंढीच्या तंतूवर खवल्यांच्या कडा स्पष्ट दिसतात. उंटाच्या आंतल्या लोंकरीवर त्या अस्पष्ट व दूरदूर असतात. तंतूच्या आंत रंगाचे कण दिसले तर लोंकर मुळांतच रंगीत होती इतकें ठरतें. ती कोणत्या प्राण्याची हें मात्र त्यावरून ठरत नाहीं, कारण तपकिरी मेंढीच्या तंतूंतही तसे कण असतात. फार झिजलेल्या तंतूवरील खवले पुसट होत असल्यामुळें जाणत्या परीक्षकाची दृष्टि येथें हवी. अलीकडे केराटिन या प्रथिनाचें पृथक्करण करूनही प्राण्याची जात ओळखतां येते, व त्यास धाग्याचा अगदीं लहान तुकडा पुरतो. धागा मिश्र असण्याचा संभव लक्षांत घेऊन नमुने भूमि व काठ यांच्या निरनिराळ्या जागांवरून घेतले पाहिजेत. ही तपासणी झाल्यावांचून ‘उंटाच्या केसांचा’ हे शब्द लिहिणें म्हणजे पोथी न उघडतां तिचा कर्ता सांगणें होय.

हें नांव छापील ग्रंथांत रूढ करण्यांत अमेरिकेंतील जुन्या मार्गदर्शक पुस्तकांचा वांटा मोठा आहे. जॉन किम्बर्ली ममफर्ड यांचें १९०० सालचें पुस्तक आणि वॉल्टर हॉले यांचें १९१३ सालचें पुस्तक, या दोहोंतही हमदानच्या वर्णनांत उंटाच्या केसांस मानाचें स्थान मिळालें आहे. या ग्रंथकारांचे परिश्रम थोडे नव्हते, आणि एका अफाट विषयास त्यांनीं आरंभीं कांहीं शिस्त लावली, हें मान्य केलें पाहिजे. पण तीं पुस्तकें मुख्यतः खरेदीदारांसाठीं लिहिलेलीं. खरेदीदारास झट्कन ओळखतां येईल अशी खूण हवी असते, आणि रंगाहून सोपी खूण कोणती? पुढें इराणांत दीर्घकाळ राहून गालिच्यांचा व्यापार पाहिलेल्या सेसिल एडवर्ड्स यांचा ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत विणकामाच्या एकेका प्रदेशाचा विचार स्वतंत्रपणें केलेला आहे, व अभ्यासाची दिशा तीच योग्य होती. तरीही लिलांवांच्या याद्या अद्याप जुनेंच नांव गिरवीत असतात, कारण त्यांस तें सोयीचें आहे.

येथें कोणी विचारील कीं, तंतु कोणताही असो, गालिचा सुंदर असला म्हणजे झालें. हा वाद हवा कशाला? यास उत्तर असें कीं, सौंदर्य नेमकें कशांत आहे तें या नांवामुळेंच झांकलें जातें. चांगला सराबी पट्टा किंवा हमदानी गालिचा घेऊन पाहावा. त्यांतील भूमि रिकामी वाटते, पण ती रिकामी नसते. निरनिराळ्या वेळीं कातलेल्या सुताच्या छटा ओळीओळीनें बदलत जातात. फारसींत या छटाभेदास ‘अब्रश’ म्हणतात. त्यांत आणखी एका छटेची जाळी विणलेली असली म्हणजे भूमि जवळून एक व दुरून दुसरीच दिसते. मंजिष्ठेचा तांबडा आणि निळीचा गडद निळा हे रंग चक्रांत व आंतल्या काठांत थोडेच येतात, पण भोंवतालच्या शांत भूमीमुळें ते पूर्ण तेजानें उठतात. बाहेरचा रुंद साधा काठ सबंध नक्षीस समासासारखा सांभाळतो. कागदाच्या पानावर अक्षरांइतकाच समासही लेखकाच्या हाताची ओळख देतो, हें ज्यानें जाणलें आहे त्यास या काठाचें महत्त्व वेगळें सांगावें लागणार नाहीं. हा सर्व गुण विणकराच्या संयमाचा आहे. त्याचें श्रेय उंटास देऊन मोकळें होणें हा विणकरावर अन्याय आहे. ते विणणारे हात बहुशः स्त्रियांचे होते, आणि त्यांचीं नांवें गालिच्यांवर सहसा नसतात. तेव्हां त्यांच्या हातचें काम नीट वाचणें एवढाच त्यांचा सन्मान आपल्या हातीं आहे.

उलट, मळकट सपाट भूमीचा, घाईनें विणलेला एखादा पट्टा केवळ ‘उंटाचा’ म्हणून चांगल्या मालाच्या पंक्तीस बसवावा हेंही योग्य नव्हे. समजा, तपासणीअंतीं त्यांतील तंतु खरोखरच उंटाचा निघाला. तरी त्यामुळें त्याची रेखा सुधारत नाहीं. द्रव्य दुर्मिळ असणें आणि कृति उत्तम असणें या दोन गोष्टींची गल्लत सुवर्णाक्षरी पण अशुद्ध पोथीच्या बाबतींत आपण करीत नाहीं. गालिच्याच्या बाबतींतही करूं नये.

नांवाच्या मोहाचा याहून गंभीर परिणाम प्रत्यक्ष वस्तूवर होतो. बाजारास जो रंग हवा तो मूळच्या गालिच्यांत नसेल तर तो आणला जातो. १९२० नंतरच्या काळांत अमेरिकेंत गेलेले सारूकचे गालिचे रासायनिक द्रव्यांनीं धुऊन फिके करीत व मग ब्रशानें पुन्हां रंगवीत, हा प्रकार सर्वश्रुत आहे. मऊ व फिकट छटांची आवड ज्या ज्या वेळीं वाढते त्या त्या वेळीं अशा धुण्यानें पुष्कळ जुन्या लोंकरीचा जीव जातो. खऱ्या जुन्या रंगांच्या झिजेसही अर्थ असतो. हिराकसानें आणलेला गडद तपकिरी व काळा रंग कालांतरानें लोंकर खातो, आणि त्या रेषा भोंवतालच्या लवेहून खोल जातात. पोथ्यांतील जंगालाचा हिरवा रंग कागद खातो, तसाच हा प्रकार. न रंगविलेली लोंकर मात्र अशा रीतीनें झडत नाहीं. म्हणून कोठें लव झडली आहे व कोठें टिकली आहे हा रंगद्रव्याचा पुरावाच होय. दुरुस्ती करणारानें ते खळगे नव्या लोंकरीनें भरून काढले म्हणजे तो पुरावा नष्ट होतो. दोन्ही टोंकांच्या विणीच्या पट्ट्या व बाजूंच्या कडा झिजल्या म्हणून कापून टाकणें हें पोथीचें शेवटचें पान फाडण्यासारखें आहे, कारण प्रदेशाच्या पुष्कळ खुणा तेथेंच असतात.

मोठमोठे गालिचेही यांतून सुटलेले नाहींत. अर्दबीलचा म्हणून जगप्रसिद्ध असलेला गालिचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानें १८९३ सालीं २००० पौंडांस घेतला. त्यावर मकसूद काशानी हें नांव व हिजरी ९४६, म्हणजे इ. स. १५३९-४०, हें वर्ष विणलेलें आहे. तो आज पुरा दिसतो याचें कारण, त्याच्या जोडीच्या दुसऱ्या गालिच्याचे भाग काढून त्याची दुरुस्ती करण्यांत आली. आपला काठ गमावलेला तो दुसरा गालिचा आज लॉस एंजेलिस येथील संग्रहालयांत आहे. दोन अपुऱ्या पोथ्यांचीं पानें एकत्र करून एक पुरी पोथी विकण्याचाच हा प्रकार. अर्दबीलच्या बाबतींत दोन्ही तुकडे सांपडले म्हणून खरें उमगलें; गांवठी गालिच्यांच्या बाबतींत तशी सोय क्वचितच असते.

विणलेल्या वर्षांचीही गोष्ट अशीच सावधपणें घेतली पाहिजे. इराणांत १९२५ सालीं सौर हिजरी सन सरकारी व्यवहारांत आला. तेव्हां गालिच्यावर १३०५ हा आंकडा असेल तर चांद्र गणनेनें तो इ. स. १८८७-८८ चा, आणि सौर गणनेनें १९२६-२७ चा ठरतो. हा जवळजवळ ३९ वर्षांचा फरक केवळ आंकडा वाचून मिटत नाहीं. शुहूर व हिजरी सनांत ज्यांनीं मराठी पत्रांच्या मित्या जुळविल्या आहेत त्यांस यांतील धोका सांगावयास नको. शिवाय फारसी लिपींतील ३ व २ या अंकांत भेद थोडा असल्यामुळें चार गांठी बदलून १३ चे १२ करतां येतात, व गालिचा एका हातासरशीं ९७ सौर वर्षें जुना होतो. अशा वेळीं रंगच साक्ष देतात. पहिला कृत्रिम रंग पर्किननें १८५६ सालीं शोधला. तसला रंग मूळच्या विणींत सांपडला, तर त्यापूर्वींचें वर्ष खोटें हें सिद्ध होतें.

तेव्हां संग्राहकानें आपल्या नोंदींत काय लिहावें ? पाठीचें छायाचित्र, गांठीचा प्रकार, ताण्याबाण्याचें द्रव्य, गांठींच्या दोन ओळींमधील बाण्याच्या फेऱ्या, टोंकांची व कडांची घडण, दुरुस्तीच्या जागा, आणि प्रत्येक रंगाचें साधें वर्णन, एवढें प्रथम असावें. ‘शुतुरी रंग’ हें एका रकान्यांत आणि ‘उंटाचा तंतु’ हें दुसऱ्या रकान्यांत. दुसऱ्या रकान्यांत तपासणी कोणी, केव्हां व कोणत्या जागेच्या नमुन्यावरून केली तें नोंदल्याशिवाय कांहीं लिहूं नये. विकणारानें सांगितलेलें नांव व हकीकत हीं सर्वांच्या शेवटीं, त्याचें म्हणणें म्हणूनच, लिहावींत. तीं गाळूंही नयेत, कारण दलालाची समजूत हाही एक प्रकारचा इतिहासच आहे. मात्र तो गालिच्याचा नसून बाजाराचा आहे. अशा रीतीनें नोंदलेले शंभर गालिचे एकत्र झाले, तर उंटाची लोंकर खरोखर कोणत्या प्रदेशांत, किती प्रमाणांत व भूमीच्या कोणत्या भागांत वापरली जात होती, या प्रश्नास पुराव्याचें उत्तर देतां येईल. तोंपर्यंत ‘उंटी’ हा शब्द रंगापुरताच वापरावा, एवढें सुचवून हा लेख पुरा करतों.